विमा कोणत्या दारापासून सुरू होतो

महाराष्ट्र सरकारने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या टप्प्यात आठच जिल्हे घेतले होते. गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, रायगड, मुंबई शहर आणि उपनगर यांच्या बरोबरीने त्यात खान्देशातला धुळे होता. शेजारचा जळगाव नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी योजना राज्यभर गेली तेव्हा तो आला. म्हणजे मधले सोळा-सतरा महिने धुळे तालुक्यातल्या केशरी कार्डवाल्याच्या हृदयशस्त्रक्रियेचे पैसे सरकारने भरलेल्या हप्त्यातून जात, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडून पारोळ्यात राहणारा तसाच केशरी कार्डवाला शेत गहाण टाकण्याचा विचार करत असे. कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता, दीड लाखाचे संरक्षण, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख, अशी ती सुरुवात होती. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची पाच लाखांची आयुष्मान भारत योजना आली, १ एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र चालू लागल्या आणि जुलै २०२४ पासून कार्ड पिवळे, केशरी की पांढरे हा भेदही मिटवून राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांचे संरक्षण देण्यात आले. बारा वर्षांत एवढी मजल मारणे ही लहान गोष्ट नाही. तरीही देशाच्या आरोग्यखर्चाचा २०२१-२२ चा अधिकृत हिशेब सांगतो की एकूण खर्चातला ३९.४ टक्के भाग अजून लोक स्वतःच्या खिशातून करतात. २०१३-१४ मध्ये हा आकडा ६४.२ टक्के होता, तेव्हा सुधारणा झाली हे मान्यच. पण जो भाग उरला आहे तो पाचाचे दहा लाख केल्याने कमी होणार नाही, कारण तो खर्च मुळात या योजनेच्या दारातून आत येतच नाही. ज्या देशांनी आजारपणातल्या कर्जाची भीती घालवली, त्यांनी विम्याची सुरुवात कोणत्या दारापासून केली हे पाहिले की आपले कुठे चुकते ते कळते.

त्यासाठी आधी भुसावळला जावे. रेल्वेच्या या गावात जगातल्या बहुतेक आरोग्यव्यवस्था शेजारी शेजारी नांदतात. रेल्वे कर्मचाऱ्याला रेल्वेचे स्वतःचे रुग्णालय आहे, डॉक्टर पगारी आहेत, तपासणी आणि औषधे तिथेच मिळतात. ब्रिटनने ५ जुलै १९४८ रोजी साऱ्या देशासाठी जे उभारले, तेच इथे एका खात्यापुरते चालू आहे. कारखान्यातल्या कामगाराला महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर कर्मचारी राज्य विमा लागू होतो. मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो, आणि त्या बदल्यात बायकामुलांसह साध्या तापापासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळे मिळते. हा जर्मन रिवाज. व्यापारी खासगी कंपनीची मेडिक्लेम पॉलिसी घेतो, म्हणजे बराचसा अमेरिकी मार्ग. आणि रावेर-यावलच्या केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या मजुराकडे फुले योजनेचे कार्ड आहे, पण रोजच्या दुखण्यासाठी त्याच्याजवळ रोख पैशाशिवाय काही नाही. आता या चौघांनाही रक्तदाब आहे असे समजा. रेल्वेवाल्याला आणि कारखान्यातल्या कामगाराला महिन्याची गोळी विनाखर्च मिळते. व्यापाऱ्याच्या पॉलिसीत बहुधा बाह्यरुग्ण खर्च बसत नाही, पण त्याला तो परवडतो. मजुराला गोळी विकत घ्यावी लागते. काम नसलेल्या महिन्यात तो ती घेत नाही. दहा वर्षांनी त्याला पक्षाघात झाला किंवा मूत्रपिंडे निकामी झाली की मग मात्र त्याचे कार्ड चालू लागते, डायलिसिस होते आणि सरकार ते पैसे आनंदाने भरते. चौघांत सर्वांत गरीब जो आहे, त्याचाच विमा आजार शरीरभर पसरल्यावर जागा होतो.

ही रचना कुणी दुष्टपणाने केलेली नाही. नोकरदारांची व्यवस्था आधी आली आणि बाकीच्यांची नंतर, तीही तुकड्या-तुकड्यांनी, याचा तो परिणाम आहे. जर्मनीतही हेच घडले होते. बिस्मार्कने १८८३ मध्ये आजारविम्याचा कायदा केला तो कामगारांसाठी. हप्ता पगारातून कापायचा, तर आधी पगार हवा. शेतकऱ्याला पगार नसतो. म्हणून जर्मन शेतकऱ्यांसाठी सक्तीचा आजारविमा यायला १९७२ उजाडावे लागले. ज्या देशात कारखानदारी युरोपात अव्वल होती त्याला शेताच्या बांधापर्यंत यायला ८९ वर्षे लागली. आपला कर्मचारी राज्य विम्याचा कायदा १९४८ चा, प्रत्यक्ष योजना २४ फेब्रुवारी १९५२ पासूनची. सत्तर वर्षे होऊन गेली तरी ती पगारपत्रकाच्या कुंपणाबाहेर पडलेली नाही, आणि पडणारही नाही. जळगाव-धुळ्यात बहुसंख्य लोक कापूस, केळी, मका पिकवतात, दुसऱ्याच्या शेतात राबतात, यंत्रमागावर तुकड्याच्या मजुरीने बसतात, किराणा दुकान किंवा रिक्षा चालवतात. पगारातून हप्ता कापण्याच्या मार्गाने त्यांच्यापर्यंत पोहोचायचे म्हटले तर आपल्यालाही शतक पुरणार नाही.

मग शेतकऱ्याकडून हप्ता घ्यायचा कसा? जपानने १९३८ मध्ये गावपातळीवरच्या विमा संघांचा कायदा केला, पुढे ती जबाबदारी नगरपालिका आणि ग्रामपंचायतींसारख्या स्थानिक संस्थांवर सोपवली आणि १९६१ पर्यंत प्रत्येक नागरिकाला कुठल्या ना कुठल्या विम्यात आणले. दक्षिण कोरियाने १९७७ मध्ये पाचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांपासून सुरुवात केली, १९८८ मध्ये ग्रामीण भागातल्या शेतकऱ्यांना आणि १९८९ मध्ये शहरातल्या स्वयंरोजगारी माणसांना सक्तीने घेतले. त्यांच्या हप्त्याचा मोठा वाटा सरकारने उचलला. २००० मध्ये शेकडो विमा संस्था मोडून एकच केली. दोन्ही देशांत सदस्यत्व सक्तीचे होते, हा त्यातला कळीचा भाग. ऐच्छिक विम्यात आजारी माणूस आधी येतो, धडधाकट माणूस थांबून पाहतो, हप्ता वाढतो, मग आणखी धडधाकट माणसे बाहेर पडतात. जळगावच्या केळी उत्पादकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. फळपीक विम्यात तापमानाचे निकष, भरपाईचे वाद आणि कंपनीशी झगडा त्याने वर्षानुवर्षे अनुभवला आहे. २०२० पासून पीकविमा कर्जदारालाही ऐच्छिक झाला, महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा दिला आणि २०२५ मध्ये तो बंद केला. ऐच्छिक हप्त्यावर चालणारी योजना किती डळमळीत असते याचा धडा आपल्याच शेतात आहे. आरोग्यात तो कर्नाटकने घेतला. तिथली सहकारी शेतकऱ्यांची यशस्विनी योजना २००३ मध्ये महिना पाच रुपये हप्त्याने सुरू झाली, तिचे देशभर कौतुक झाले. पण ती ऐच्छिक राहिली, मुख्यतः शस्त्रक्रियांपुरती राहिली, २०१८ मध्ये दुसऱ्या योजनेत विरून गेली आणि नंतर पुन्हा उभी करावी लागली. खान्देशात विकास सोसायट्यांचे जाळे आहे, म्हणून त्यांच्यामार्फत हप्ते गोळा करावेत अशी सूचना अधूनमधून येते. ज्या सोसायट्या पीककर्जाच्या वसुलीने आधीच वाकल्या आहेत, त्यांच्यावर आजारपणाचा हप्ता लादणे मला शहाणपणाचे वाटत नाही. भूमिहीन मजूर तर त्यांच्या सभासदांत नसतोच.

थायलंडने हप्ता गोळा करण्याचा नादच सोडला, आणि म्हणूनच त्याची कहाणी खान्देशाने नीट ऐकावी. त्या देशात सरकारी नोकरांची एक योजना होती, खासगी नोकरदारांची १९९० च्या कायद्याने आलेली दुसरी होती, आणि उरलेले, म्हणजे लोकसंख्येचे सुमारे तीन चतुर्थांश लोक, भातशेती करणारे, मजूर, फेरीवाले. एप्रिल २००१ मध्ये सहा प्रांतांत आणि वर्षभरात देशभर या उरलेल्यांसाठी योजना आली. एका भेटीला तीस बात द्यायचे, तेव्हाच्या दराने तीस-पस्तीस रुपये, आणि अगदी गरिबाला तेही माफ. बाकी सारा पैसा करातून. सरकारने रुग्णालयांना शस्त्रक्रियेगणिक पैसे देण्याऐवजी नोंदलेल्या माणसागणिक पैसे दिले. सुरुवातीचा दर माणशी वर्षाला १,२०२ बात होता. तो पैसा तालुक्याच्या रुग्णालयाला आणि त्याच्याखालच्या आरोग्य केंद्रांना मिळून मिळे, आणि त्यातून त्यांनी आपल्या भागातल्या माणसांची तपासणी, औषधे, बाळंतपणे, साधी शस्त्रक्रिया सगळे सांभाळायचे. माणूस निरोगी राहिला तर पैसा वाचतो, आजार वाढला तर जातो, म्हणून रक्तदाबाची गोळी वेळेवर पोहोचवणे हा डॉक्टरच्या हिताचाही भाग झाला. आता यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी तारीख सांगतो. थायलंडच्या या योजनेत डायलिसिस २००८ मध्ये आले. तापाची, खोकल्याची, मधुमेहाची औषधे पहिल्या दिवसापासून होती. महागड्या उपचारांचा समावेश देशाची ऐपत आणि व्यवस्थेची ताकद पाहून एकेक करत गेला. आपण नेमके उलट्या टोकाने सुरुवात केली. आपल्या योजनेची यादी ९७१ उपचारांपासून निघून २०२४ मध्ये १,३५६ पर्यंत पोहोचली, तरी तिच्यात शिरण्यासाठी बहुतेक वेळा रुग्णालयात दाखलच व्हावे लागते.

थायलंडकडे आणखी एक गोष्ट आधीपासून होती, आणि ती सांगितली नाही तर तुलना खोटी ठरेल. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथल्या सरकारी खर्चाने शिकलेल्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची आहे. १९८२ ते १९८६ च्या पंचवार्षिक योजनेत त्यांनी शहरांतल्या रुग्णालयांच्या बांधकामाचा पैसा थांबवून तालुक्यांकडे वळवला. म्हणजे विमा येण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी दवाखाना गावाजवळ पोहोचला होता. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातून, शिरपूरच्या सातपुड्यातल्या पाड्यांवरून किंवा चोपड्याच्या डोंगराळ भागातून धुळे-जळगाव गाठणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पाच लाखांचे कार्ड हे अंतर कमी करत नाही. एस.टी.चे भाडे, बरोबरच्या माणसाचा बुडालेला रोज, बाहेरच्या मेडिकलमधून आणलेली औषधे हे कुठल्याच पॅकेजमध्ये नाही. धुळे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३१ टक्के लोक आदिवासी आहेत, आणि भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला जन्मभर लागते ती नियमित तपासणी, फॉलिक ॲसिड, अनेकांना हायड्रॉक्सियुरियाची रोजची गोळी, आणि ताप आला तर लगेच भेटणारा माणूस. केंद्राने १ जुलै २०२३ पासून सिकलसेलविरोधी राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तिच्यात तपासणीवर भर आहे. पण तपासणीत आजार सापडल्यावर पुढची चाळीस वर्षे गोळी कोण देणार, हा प्रश्न विम्याच्या रचनेचा आहे, आणि आजची रचना त्या मुलाला वेदनेचा झटका येऊन खाटेवर पडेपर्यंत ओळखत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो खरा आणि वजनदार आहे. कुटुंब उद्ध्वस्त होते ते मोठ्या आजाराने. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत खासगी रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च ३१,८४५ रुपये आणि सरकारी रुग्णालयातला ४,४५२ रुपये निघाला होता. तेव्हा मर्यादित पैसा आधी मोठ्या खर्चावर लावणे हेच विम्याचे शास्त्र नाही का? घराला आग लागेल म्हणून विमा उतरवायचा तर हे शास्त्र बरोबर आहे, कारण आग रोज थोडी थोडी लागत नाही. मधुमेह, रक्तदाब, क्षय, सिकलसेल हे रोज थोडे थोडे वाढतात आणि त्यांच्या वाढीला आळा घालणे स्वस्त असते. शिवाय आपल्याकडच्या पाहण्या पुन्हा पुन्हा दाखवतात की खिशातून जाणाऱ्या पैशात औषधांचा वाटा सर्वांत मोठा असतो. एकदम तीस हजार जाणे दिसते, महिन्याला सहाशे जाणे दिसत नाही. पण ज्या घरात हंगामाबाहेर मजुरीच मिळत नाही तिथे सहाशेही उधारीवर जातात. मोठ्या उपचारांचे संरक्षण काढून घ्या असे मी म्हणत नाही. २०१२ नंतर धुळ्यातल्या कित्येक साध्या घरांतल्या माणसांवर अँजिओप्लास्टी आणि कर्करोगाचे उपचार होऊ शकले, आणि ते याआधी त्यांच्या स्वप्नातही नव्हते. माझे म्हणणे पुढच्या रुपयाबद्दल आहे. तो पाचाचे सात लाख करण्यात जावा की गावातल्या औषधाच्या खिडकीवर जावा?

औषधे तर सरकारी दवाखान्यांत फुकटच आहेत, असे काही जण म्हणतील. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांमधले उपचार निःशुल्क झाले, हे खरे आणि स्वागतार्ह. पण त्या निर्णयात वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये नव्हती. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ मध्ये जळगावच्या सिव्हिलला जोडून सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही त्या दुसऱ्या विभागाकडे आहेत. आपल्या लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’ म्हणून जे सर्वांत मोठे नाव आहे, त्याच्या केसपेपरचा नियम आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाचा नियम वेगवेगळा, हे रुग्णाला कसे उमगावे? आणि फुकट औषध कपाटात नसेल तर चिठ्ठी बाहेरच्या मेडिकलचीच निघते. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढून हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. महाराष्ट्राने खरेदीची यंत्रणा वारंवार बदलली आणि स्वतंत्र प्राधिकरण आणले ते २०२३ मध्ये.

दुसरा आक्षेप ब्रिटनकडे बोट दाखवतो. करातून चालणाऱ्या त्यांच्या सेवेत सत्तर लाखांहून अधिक उपचार प्रतीक्षायादीत अडकले आहेत, मग तो मार्ग आपण का धरावा? प्रतीक्षायादी ही पैसा आणि माणसे आखडल्याची खूण आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करू नये. मात्र ब्रिटनमध्ये यादी दिसते, कारण प्रत्येक माणूस यादीत असतो. उपचार न परवडल्याने दवाखान्यात गेलाच नाही तो माणूस आपल्याकडे कुठल्याच यादीत नसतो. अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाचा १७-१८ टक्के भाग आरोग्यावर खर्च करते आणि तरीही तिथे अडीच कोटींच्या आसपास लोक विम्याविना आहेत. तिथे असलेल्या मराठी कुटुंबांना नोकरी सुटल्यावर विम्याचे काय होते ते ठाऊक आहे. अनेक विमा कंपन्या, अनेक दर, अनेक अर्ज यांतून स्पर्धेने स्वस्ताई येते, हा समज त्या देशाने स्वतःच्या खर्चाने खोटा ठरवून दाखवला आहे.

खासगी डॉक्टरांचे काय, हा प्रश्न जळगावात विशेष महत्त्वाचा आहे, कारण इथली बहुतांश सेवा त्यांच्याच हातात आहे आणि ती मोडून काही उभे राहणार नाही. त्याचे उत्तर थायलंडपेक्षा जपानकडे अधिक चांगले आहे. तिथली सुमारे ऐंशी टक्के रुग्णालये खासगी आहेत. पण प्रत्येक तपासणीचा, इंजेक्शनचा, शस्त्रक्रियेचा दर देशभर एकच, दर दोन वर्षांनी सरकार आणि डॉक्टरांचे प्रतिनिधी समोरासमोर बसून तो बदलतात. रुग्ण साधारण ३० टक्के भरतो आणि त्यालाही महिन्याची कमाल मर्यादा असते. आपल्याकडे पॅकेजचे दर कितीदा आणि कशाच्या आधारावर बदलतात हे लहान रुग्णालय चालवणाऱ्याला कळत नाही, बिले महिनोन्‌महिने थकतात, आणि मग कोणी योजनेतून बाहेर पडतो तर कोणी रुग्णाकडून वरचे पैसे मागतो. दुसरे वर्तन अक्षम्य आहे. पहिल्यामागची तक्रार मात्र ऐकून घेण्यासारखी आहे. अमळनेर, चाळीसगाव, दोंडाईचा इथल्या दवाखान्यांना नोंदलेल्या कुटुंबांमागे दर महिन्याला ठरलेली रक्कम वेळेवर मिळाली आणि त्या बदल्यात मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांची जबाबदारी त्यांच्याकडे दिली, तर किती डॉक्टर पुढे येतात हे एका तालुक्यात करून पाहण्यासारखे आहे.

पैसा कुठून, हा शेवटचा आणि सर्वांत हट्टी प्रश्न. जळगावची २०११ ची लोकसंख्या ४२ लाख २९ हजार, धुळ्याची २० लाख ५० हजार. दोन्ही मिळून सुमारे ६३ लाख. बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधे यांसाठी माणशी वर्षाला हजार रुपये धरले तर ६३० कोटी होतात, लोकसंख्या वाढली ती धरून साडेसातशे म्हणा. आकडा मोठा वाटतो. पण २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते, आणि २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. २०२४-२५ चे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे ३३० लाख कोटी. त्याचे हे राहिलेले ०.६६ टक्के देशातल्या माणसांत वाटले तर माणशी दीड हजारांच्या वर जातात. दिलेला शब्द पाळला तर वरचे हजार त्यातच बसतात. मजूर कर भरत नाही, मग करदात्याने त्याचे का सोसावे, असे विचारणाऱ्याने साबण, डिझेल आणि चपलेवरचा कर कोण भरतो ते पाहावे. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला. त्या माफीने पॉलिसी घेऊ शकणाऱ्याला दिलासा मिळाला, तोही हवाच होता. राज्यातल्या सर्व कुटुंबांना कार्ड देताना उत्पन्नाची अट काढण्याचे धैर्य सरकारने दाखवलेच आहे. आता त्याच कार्डावर शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या चार तालुक्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि तयार असलेल्या खासगी दवाखान्यांत रक्तदाब, मधुमेह, सिकलसेल आणि मिरगीची औषधे दोन वर्षे विनाखर्च देऊन, त्या दोन वर्षांत जळगाव-धुळ्याच्या मोठ्या रुग्णालयांकडे जाणारे पक्षाघात आणि डायलिसिसचे दावे किती बदलतात याचा हिशेब राज्य आरोग्य हमी सोसायटीने लोकांसमोर मांडावा.